थांबा मॅडम आणि ट्रॉलीभर वाळू

प्रयोगशाळेत कुणाचा हात नरसाळ्याच्या तोटीकडे गेला रे गेला, की पाठीमागून आवाज यायचा, "थांबा!" बारामतीच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना म्हणूनच सगळे 'थांबा मॅडम' म्हणत. त्यांनाही ते ठाऊक होतं. "माणसं याहून वाईट नावं ठेवतात," म्हणून हसायच्या.

मी त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते. विषय एकच: थोरियमला दुर्मीळ मृदा धातूंपासून वेगळं काढायचं. दक्षिणेच्या किनाऱ्यावरच्या वाळूत ही सगळी मंडळी एकाच खनिजात दाटीवाटीने राहतात. खनिज विरघळवायचं, त्यात पाण्यात न मिसळणारा द्रावक ओतायचा आणि तोटीच्या काचेच्या नरसाळ्यात घालून हलवायचं. थोरियम वर द्रावकात चढतं, बाकीचे खाली पाण्यात राहतात. थर नीट बसण्याआधी तोटी उघडली, की सगळी मेहनत फुकट. म्हणून ते 'थांबा'.

गंमत म्हणजे ती वाळू मॅडमनी जन्मात पाहिली नव्हती. विकतचे क्षार एकत्र करून आम्ही तिची नक्कल करायचो. "भातुकली चाललीय आपली," त्या म्हणायच्या, आणि तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा पडायचा.

एकदा त्यांनी एक जबरदस्त द्रावक निवडला. थोरियम झाडून सगळं वर गेलं! मी नाचायच्याच बेतात होते. पण ते पुन्हा पाण्यात उतरवायला गेलो, तर द्रावक सोडेचना. आम्ल बदललं, पुन्हा पुन्हा हलवलं, दंड भरून आले. शेवटी मॅडमनी तो द्रावक बादच केला. "नुसतं घट्ट धरून ठेवलं म्हणजे झालं का?" म्हणाल्या.

अशात किनाऱ्यावरच्या एका कारखान्यातून त्यांना फोन आला. तिथल्या प्रयोगशाळेत या. खरी वाळू, खरं काम. इंदापूरकडच्या कळंब गावी त्यांच्या घरी मी जेवायला गेले, तर सासूबाई गल्लीभर पेढे वाटून आल्या होत्या. "जा की बाय, कोन न्हाय म्हनतंय?" मॅडमच्या ताटात चौथी पोळी वाढत त्या म्हणाल्या. "फकस्त आमाला करमायचं न्हाय, येवढंच."

पुढच्याच आठवड्यात मॅडमच्या यजमानांनी आम्हा दोघींना गोठ्यामागे नेलं. तिथे नवी पत्र्याची खोली उभी होती. आत कडाप्प्याचा ओटा, वर नळ, पंखासुद्धा. उसाच्या लागणीची ऐन घाई, आणि या माणसाने गडी लावून हे करून घेतलं होतं. बाहेर ट्रॉलीभर वाळू ओतलेली.

"नीरेची हाय, एक नंबर," ते म्हणाले. "वाळूच लागती ना तुला? मग हितंच कर की. कशाला येवढ्या लांब जाती?"

मॅडम आधी मोठ्यांदा हसल्या. मग खाली बसून त्यांनी मूठभर वाळू उचलली. त्यात आमच्या उपयोगाचं काही नव्हतं, आम्हा दोघींना ठाऊक होतं. त्यांनी वर पाहिलं. यजमान पेपर दिलेल्या पोरासारखे निकालाची वाट बघत उभे होते.

"छान आहे," मॅडम म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी कारखान्याला नकार कळवला. त्या घराचा राग यावा असं त्यात कुणी काही केलं नव्हतं, आणि मला त्याचाच राग आला.

पुढे त्याच कारखान्यात मला जागा मिळाली. गोठ्यामागच्या त्या खोलीत तोवर खताची पोती आली होती, आणि वाळूच्या ढिगावर कुत्रं निजायचं. सोलापूरला जाऊन मला दक्षिणेची रेल्वे धरायची होती; निरोप द्यायला मॅडम इंदापूरच्या स्टँडवर आल्या. माझी बॅग फळीवर ठेवायला म्हणून एसटीत चढल्या आणि शेजारी बसल्या.

"खरी वाळू हातात घेतलीस की मला सांग," त्या म्हणाल्या. "कशी लागते ते."

कंडक्टर आला. "सोलापूर दोन का?"

"एक," मॅडम म्हणाल्या. "मला उतरायचंय."

पण त्या उठल्या नाहीत. मांडीवर हात ठेवून समोर बघत बसून राहिल्या. बेल वाजली, गाडी हलली, स्टँडचं फाटक आलं. आयुष्यभर उठताबसता तो एकच शब्द म्हणणाऱ्या बाईच्या तोंडून तो आज निघेना.

शेवटी मीच ओरडले, "थांबा!"