खड्ड्याशेजारची माती

७ जुलै, सोमवार. काम एवढंच होतं, खड्डे भरायचे. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कंपनीच्या डायरेक्टर वृक्षारोपणाला येणार होत्या, आणि तेलीबांध्याच्या पुढे, नवा रायपूरच्या रस्त्यालगत असलेल्या त्यांच्या कॅम्पसच्या मागच्या बाजूला खड्डे अजून तसेच उघडे होते.

मी शंकर नगरातल्या एका लँडस्केप फर्ममध्ये हॉर्टिकल्चरचं काम बघते. दुसऱ्यांच्या जमिनीवर झाडं लावायची आणि जगवायची, हा आमचा धंदा. त्याची एक ठरलेली पद्धत आहे. मे महिन्यात खड्डे खोदतात. निघालेली माती शेजारीच ढीग करून उन्हात ठेवतात. त्याला माती तापवणं म्हणतात. कीड आणि बुरशी मरते. पाऊस सुरू झाला की त्याच मातीत शेणखत मिसळून खड्डा भरतात. बावीस वर्षं मी हे करते आहे. ढिगात आणखी कोणी राहत असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

साडेदहाच्या सुमारास दुलारीनं फावडं थांबवलं. दुलारी आमची मेट, म्हणजे मजुरांच्या टोळीची प्रमुख. ती थांबली म्हणजे कारण असतं.

"दीदी, येला देख तो."

ढिगाच्या कापलेल्या कडेत अंडी होती. आठ-नऊ, पांढरी, सोललेल्या शेंगदाण्याएवढी.

"टेटका के अंडा आय," ती म्हणाली. इकडे सरड्याला टेटका म्हणतात.

"ये पहला है?"

"नहीं. बिहनिया ले तीन ठन ढेरी मा निकलिस." म्हणजे सकाळपासून तीन ढिगांत निघाली होती.

"और मुझे बताया नहीं?"

"तुमन नइ पूछेव, हमन नइ बतायेन."

बाकीच्या बाया फावड्यांना टेकून हसल्या. मग दुलारीच पुढे म्हणाली, "पउर साल येकर ले जादा रिहिस." गेल्या वर्षी याहून जास्त होते.

हे वाक्य मला लागलं. कारण हे सरडे माझ्या ओळखीचे होते. वीतभर लांबीचे, मातीच्या रंगाचे. नराच्या गळ्याखाली पांढरट झालर असते, तिच्यावर निळी रेघ. मे-जूनमध्ये तो उंच जागेवर चढून ती झालर पंख्यासारखी उघडमीट करतो, मादीनं लांबून बघावं म्हणून. त्याला मोकळी, उन्हाची जमीन लागते. आमचे ढीग त्याला स्टेजसारखे मिळाले होते. मी त्याचा व्हिडिओ काढून भाचीला पाठवलाही होता. मादी सैल मातीत अंडी घालते, आणि त्या कडक जमिनीवर सैल माती होती ती फक्त आमच्या ढिगांत. मग जुलैत आम्ही तीच माती दोन फूट खाली ढकलायचो, वर शेणखत, वर रोज पाणी. सलग दोन वर्षं.

आणखी एक गोष्ट. दोन वर्षांपूर्वी या जागेचा सर्व्हे मीच केला होता. फॉर्मवर एक रकाना असतो: जागेवर सध्या असलेल्या वनस्पती आणि प्राणी. मी लिहिलं होतं, निल. दुपारी एक वाजता, गाडीत बसून.

मी भरणं थांबवलं आणि प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला फोन लावला. अंडी दुसरीकडे ठेवली तर चालेल का?

"हलवू नकोस. उलटीसुलटी झाली तर आतलं पिल्लू मरतं. दीड-दोन महिने तशीच राहू दे."

"अन् झाडं नंतर लावली तर?"

"मग पुढच्या वर्षी अंड्यांचा प्रश्नच येणार नाही. सावली झाली की जमीन तापत नाही, आणि फांदीवर शिकरा येऊन बसतो. सरड्याला लपायला जागा नाही, उन्हाला जागा नाही. तो जातो."

दुसरा फोन वानखेडे सरांना. सर आमचे प्रोजेक्ट हेड, मूळचे नागपूरकडचे.

"मेश्राम मॅडम, उद्या डायरेक्टर येऊन राहिल्या अन् तुमी सरड्याच्या अंड्यापायी काम बंद करून राहिल्या?"

"सर, समोर सर्व्हायव्हल रजिस्टर आहे का?"

"आहे. काहून?"

"मागच्या बाजूचं पान काढा."

सर्व्हायव्हल रजिस्टर म्हणजे किती रोपं लावली आणि किती जगली याची वही. कॅम्पसची मागची जमीन भाठा आहे, म्हणजे लाल, खडीची, मुरमाड. तिथे दहातली दोन रोपंसुद्धा धड उभी नव्हती. मेलेल्या रोपाच्या जागी नवं लावतात त्याला आम्ही गॅप फिलिंग म्हणतो. इथे सगळीच गॅप होती.

"म्हणजे आपण तिसऱ्यांदा त्याच खड्ड्यात लावून राहिलो," सर हळूच म्हणाले.

"हो. अन् तिसऱ्यांदा मारणार."

"मंग झाडं लावू कुठं? माह्या डोक्यावर?"

"तिथंही भाठाच आहे, सर."

सरांच्या टकलावर ऑफिसात सगळे बोलतात. तोंडावर मी पहिल्यांदाच बोलले.

"जागा सांगा," ते म्हणाले.

"गेटपासून नाल्यापर्यंत. काळी माती आहे, ओल धरते."

"तिथून पाण्याची लाइन गेली."

"ती रस्त्याकडून गेली. ड्रॉइंग माझ्यासमोर आहे."

"क्लायंटनं विचारलं, पहिले काहून नाही सांगितलं, तर?"

"तर माझा सर्व्हे चुकला होता असं सांगा. मी लेखी देते."

"तुमच्या सहीनं. माझं नाव नको त्यात."

"नाही टाकत."

दुपारभर दुलारीच्या टोळीनं नाल्याकडे खड्डे खोदले. पाहुण्यांपुरते एकवीस, बाकीचे नंतर. काळी माती ओली होती, फावड्याला चिकटत होती, आणि बाया माझ्या नावानं बोलत होत्या. मला ऐकू येईल अशा बेतानं.

"टेटका मन बर कॉलोनी बनावत हे दीदी."

"हव. हमर पारा मा नाली तक नइ बनिस."

सरड्यांसाठी कॉलनी, आणि त्यांच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, अजून नालीसुद्धा नाही. मी चुन्याची बादली घेतली आणि मागच्या बाजूला गेले. खड्ड्यांची जागा आखायला आम्ही चुना वापरतो. त्याच चुन्यानं प्रत्येक ढिगाभोवती गोल काढला, आणि दुलारीला सांगितलं की गोलाच्या आत फावडं जाणार नाही. सकाळी भरून झालेले खड्डे तसेच सोडले. ती अंडी गेली होती, उकरून काही मिळणार नव्हतं.

पुढचं आधीच सांगून टाकते. कार्यक्रम नीट झाला. डायरेक्टरबाईंनी नाल्याकडे कडुलिंब लावला आणि मागची जागा उघडी का, असं विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, एक साल छोड़ के देखते हैं। सप्टेंबरात निम्म्याहून जास्त ढिगांवर बोटाएवढी भोकं दिसली, आणि खडीवर आगकाडीएवढी पिल्लं पळताना दिसली. त्यातली किती जगली, मला माहीत नाही. पण वर्ष झालं आणि जागा अजून सोडलेली आहे. नव्या प्लॅनमध्ये तिच्यावर झाडांचा हिरवा रंग नाही. नाल्याकडची झाडं मात्र माझ्या खांद्याला आली आहेत. जिथे झाड जगत नाही तिथे दुसरं कोणी जगत असेल का, हे आधी बघायचं. एवढीच गोष्ट मी यातून शिकले, आणि ती बावीस वर्षांनी शिकले.

पण त्या दिवशी हे काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातलाच साइटवर गेले. पाहुणे यायला चार तास होते. गाडी गेटवर ठेवली आणि सर्व्हेचा कोरा फॉर्म घेऊन मागची सगळी जमीन पायी फिरले. ऊन वर आलं तसे नर एकेक करून ढिगांवर चढले. मी मोजले. अकरा. रकान्यात अकरा लिहिलं, खाली वेळ लिहिली, सही केली. 'माहिती देणारी व्यक्ती' या रकान्यात दुलारीचं नाव टाकलं, आणि तिला बोलावून आडनावाचं स्पेलिंग विचारून घेतलं.