अनामिकेची जागा

मोघेकाका गिटार वाजवून बघत नसत, तिला कान लावत. अँप्लिफायरला जोडायच्या आधी ते लाकडाच्या कडेला कान टेकवायचे, डोळे मिटायचे, उजव्या अंगठ्यानं एकच मोकळी तार छेडायचे आणि ती पार विरेपर्यंत तसेच बसून राहायचे. दुकानदारांची चुळबुळ सुरू व्हायची. "आधी अंगाचा आवाज, मग करंटचा," ते म्हणत. "अंगातच नसेल तर करंट काय घरून आणणार आहे?"

डावा हात मात्र तेवढा वेळ खिशात असायचा. त्या हाताची अनामिका मुळापासून गेली होती. इथं परदेशात, तुआसच्या गोदीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं जहाजांचं वेल्डिंग तपासण्यात घालवली, तिथंच एका लोखंडी झाकणाखाली ते बोट राहिलं. त्याआधी पुण्यात असताना ते गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. बोट गेल्यावर त्यांनी डावा हात तारांना परत लावला नाही. काकू असताना त्यांनी खूप विनवलं म्हणे. काकू गेल्या, आणि बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये विनवणारंही कुणी उरलं नाही.

आमची ओळख एका जुन्या वाद्यांच्या दुकानात झाली. मी बँकेत ऑडिटर. साठ वर्षं जुनी म्हणून ठेवलेल्या एका इलेक्ट्रिक गिटारबरोबर पावत्या, नंबर, पत्रं असं जाडजूड बाड होतं आणि ते बघून मी हरखून गेलो होतो. "अगं, सगळे कागद आहेत," असं बायकोला फोनवर सांगत होतो, तेवढ्यात मागून मराठीत आवाज आला, "कागद वाजवणार आहात का?"

काकांनी दुकानदाराकडून मागचं झाकण उघडवून घेतलं. आत विजेच्या तारांच्या जोडांना दिलेले कथलाचे डाग दाखवले. "जुना डाग मलूल होतो. हे बघा, कसे चकाकतायत. आतडी नवी आहेत हिची." मग त्या पोकळीत नाक घालून वास घेतला आणि रंगही नंतरचा असल्याचं जाहीर केलं. "जिथं फार गुळगुळीत, तिथं काहीतरी घडलेलं असतं. जहाजाचंही तेच." मी बाड मुकाट्यानं परत केलं. दुकानदाराचा चेहरा बघवत नव्हता.

त्यानंतर दोन वर्षं रविवारी आम्ही गिटारी बघत हिंडलो. त्यांची फी म्हणजे हॉकर सेंटरमधल्या टपरीवरची एक कोपी, म्हणजे इथली कॉफी. 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि माझं नाव कायमचं 'ऑडिटर' पडलं. त्यांचा खरा जीव झिजेवर. तारांखालच्या लाकडात बोटांनी पडलेले खळगे ते भिंगातून बघत बसायचे. हल्ली नवी गिटार घासून जुनी भासवतात, पण काका फसत नसत. "कानस सगळीकडे सारखी फिरते. माणूस आपल्याच जागी परत परत येतो."

सेरंगूनच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही गेलो ते अशाच एका दुपारी. एका चिनी आंटीला दिवंगत नवऱ्याची गिटार विकायची होती. काकांनी कान लावला आणि बराच वेळ उचललाच नाही. डाग मलूल होते, रंग मूळचा होता, स्क्रूसुद्धा कधी हलवलेले नव्हते. आंटी सांगत होत्या ती किंमत चोख होती. मग काकांनी भिंग काढलं, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"ऑडिटर, बघ. तर्जनीचे खळगे, मधल्या बोटाचे. आणि हे तिरपे. करंगळी लांबून ताणून आणली की असं होतं. जिथं अनामिका पडायला हवी, तिथं लाकूड कोरं आहे."

मी बघत असतानाच त्यांचा डावा हात खिशातून बाहेर आला. त्यांनी तो बाहेर काढला असं मला वाटलं नाही. तीन बोटं तीन खळग्यांवर टेकली आणि तंतोतंत बसली.

"आंटी, युवर हजबंड... हिज हँड?" काकांनी विचारलं.

"टेन फिंगर्स लाह. बट ही नेव्हर प्ले. ओन्ली लुक." भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे त्यांनी बोट केलं.

"माझ्यासारखाच असेल कुणी आधीचा मालक," काका मला म्हणाले. "घेऊ नकोस."

"खोटी आहे का?"

"खरी आहे. किंमतही रास्त आहे. म्हणूनच घेऊ नकोस."

मी घेतली. दोन वर्षांत असा सौदा पाहिला नव्हता, आणि मनातून वाटत होतं, या गिटारवर काका पुन्हा वाजवतील. सवयीप्रमाणे मी तिथंच इंच न् इंच फोटो काढले.

त्यानंतर काकांनी माझ्या घरी येणं बंद केलं. फोनवर दर वेळी एकच प्रश्न, "कुणी वाजवली?" मला धड येत नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायचो. चार महिन्यांनी एका रविवारी दुपारी ते न सांगता दारात उभे राहिले. "आण," एवढंच म्हणाले.

त्यांनी अँप लावू दिला नाही. तीन बोटांनी ते जवळजवळ तासभर वाजवत होते. सुरुवात अडखळत झाली, मग हात सैल झाला. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं. मात्र काही सुरांवर ते थांबत, तार तशीच सोडून देत आणि पुढं जात. "हे अनामिकेचे," ते म्हणाले. "हे राहिले." जाताना त्यांनी स्वतः गिटार पेटीत ठेवली. मी कुलूप लावून किल्ली माझ्या जुडग्यात अडकवली.

दहा दिवसांनी काका खुर्चीत बसल्या बसल्या गेले. शेजारणीनं कळवलं. मी पोचलो तेव्हा त्यांचा डावा हात मांडीवर उघडा होता. इतक्या दिवसांत तो खिशाबाहेर असा निवांत मी पाहिला नव्हता.

पेटीकडे बघवेना म्हणून काही महिन्यांनी मी गिटार विकायला काढली. आलेला माणूस जाणकार होता. टॉर्च लावून त्यानं मान तपासली आणि खुशीत म्हणाला, "भरपूर वाजलीय. चारही बोटांनी, मन लावून."

"तीन," मी म्हणालो.

त्यानं टॉर्च जवळ धरला. कोऱ्या जागी खळगे होते. ताजे, फिक्या लाकडाचे, सरळ दाबाचे. मी फोन काढून सेरंगूनचे फोटो शोधले. तीच जागा, तेच लाकूड, पण कोरं. तो फोटो मी पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला. किल्ली काकांच्या त्या रविवारपासून माझ्याच जुडग्यात होती.

तो माणूस किंमत वाढवून द्यायला तयार झाला. माझा हात पेटीच्या झाकणावर होता आणि काकांचं वाक्य मला त्यांच्याच आवाजात आठवत होतं, "माणूस आपल्याच जागी परत परत येतो." मी त्याला कोपी पाजली आणि विकायची नाही म्हणून सांगितलं.

गिटार अजून माझ्याकडे आहे. रविवारी दुपारी मी आणि बायको बाहेर जातो, आणि जाताना मी पेटीचं कुलूप काढून ठेवतो.