इराच्या सामन्यांसाठी न्यू जर्सीला

यंदा पैसे वाचवायला सुट्टीत भारतात, नागपूरला जायचे नाही, असे मावशी आणि काकांनी ठरवले, तेव्हाच आमचा न्यू जर्सीचा प्रवास नक्की झाला. माझी मावसबहीण इरा अकरावीत आहे आणि सॉकर खेळते. क्लबचे शुल्क भरून झाल्यावर, कॉलेजचे प्रशिक्षक जिथे खेळाडू हेरायला येतात अशी एकच स्पर्धा परवडणार होती. मी शिक्षणासाठी त्यांच्या घराजवळच राहते. पिशवीत दोन पुस्तके टाकून मीही निघाले.

शुक्रवारी मावशीच्या गावाहून, श्रूजबरीहून निघालो. कनेक्टिकटमधला रस्ता देखणा आहे, पण हडसन नदी ओलांडताना फार गर्दी लागते. जाणाऱ्यांनी सकाळीच निघावे. हॉटेल आयोजकांनी ठरवून दिलेल्यांपैकीच घ्यावे लागते, त्यामुळे बचत करायची ती जेवणात. मावशीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. खुर्च्याही घरूनच न्याव्यात.

“इरा, थोडं खाऊन घे गं.”

“आई, प्लीज, मॅचच्या आधी नको. आय विल थ्रो अप.”

इरा बचावफळीत खेळते. चेंडू येण्याआधीच ती योग्य जागी उभी असते, म्हणून ती धावपळ करताना दिसत नाही आणि चटकन नजरेतही भरत नाही. शनिवारभर प्रशिक्षक कुंपणाशी येत, पाहत आणि पुढच्या मैदानाकडे वळत. निळी टोपी घातलेल्या एक बाई मात्र रविवारीही आल्या आणि शेवटच्या सामन्यात अखेरपर्यंत थांबल्या.

सामना संपल्यावर त्या आमच्याकडे आल्या. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान कॉलेजच्या प्रशिक्षक होत्या. “तुमच्या मुलीला खेळ आधीच दिसतो,” त्या इंग्रजीत म्हणाल्या.

मावशी संकोचून हसली. “नो, नो. शी इज जस्ट ओके. लॉट टू लर्न.”

बाईंनी मान डोलावली, आभार मानले आणि त्या निघाल्या. इराचा चेहरा उतरला.

“अगं, दुकानात वस्तू परत करताना बोलतात तशी बोललीस!” काका म्हणाले.

“मग काय, आपल्याच लेकराचे गोडवे आपणच गायचे?”

“आई, शी थिंक्स यू मीन इट,” इरा हळूच म्हणाली.

मावशी साडेतीन मैदाने ओलांडून धावत सुटली. मी आणि इरा मागोमाग. पार्किंगपाशी मावशीने बाईंना गाठले. धाप लागलेली, इंग्रजी विस्कटलेले. “आमच्यात आई मुलीची स्तुती करत नाही. पण माझी मुलगी फार चांगली आहे. ती हरलेल्या सामन्यातही जागा सोडत नाही. मी दरवेळी पाहते.”

बाई हसल्या. “मी आयांचे ऐकते, पण पाहते मुलींकडे,” त्या म्हणाल्या. मग इराला म्हणाल्या, “उन्हाळ्यात आमच्या शिबिराला ये. तिथे नीट पाहीन.”

शिबिराला पुन्हा पैसे लागतील, निवड होईलच असेही नाही. परतताना काका गाडी चालवता चालवता त्याचाच हिशेब मांडत होते. मागच्या सीटवरून इरा म्हणाली, “आई, ते मराठीत म्हण ना.”

“काय?”

“जे पार्किंगमध्ये म्हणालीस.”

मावशी सीटवरून मागे वळली. मग म्हणाली, “फार छान खेळतेस गं, बाळा.”

घरी पोचताच तिने मूठभर मीठमोहरी आणली. एरवी “सो एम्बॅरसिंग” म्हणून पळणारी इरा चिखलाने माखलेल्या मोज्यांनिशी दारातच उभी राहिली आणि दृष्ट पूर्ण उतरेपर्यंत हलली नाही.