लासलगाव ते नाशिक रोड: मेणाचे डोळे आणि चालणारी झाडे

स्वस्ति श्री! कांदानगरी-निवासी, लाल-डबा-गवाक्षासन-धुरंधर, सकल-तीर्थ-संकल्पमात्र-संतुष्ट, विवाहोत्तर-मौनव्रत-पारंगत असे जे अस्मादिक, ते फेब्रुवारीतील एका शनिवारी सपत्नीक नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेस प्रस्थान करते झाले.

कारण गंभीर होते. महिन्यापूर्वी सौ. सुलभाच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली होती; उजवा पूर्वीपासूनच मंद. डॉक्टरांनी बजावले होते की धूसर वाटल्यास तत्काळ यावे, पुन्हा करू. विलंब झाल्यास डोळा गेला. सौभाग्यवती मात्र विचारील त्याला ‘छान दिसतं हो’ म्हणत. निघण्याच्या दोन दिवस आधी त्यांनी चहात मीठ घातले आणि ती आमची परीक्षा होती असे प्रतिपादन केले. तेव्हापासून माझ्या चित्तास स्वस्थता नव्हती. शेजारणीने नवस सुचवला. त्या निघाल्या, मी मागोमाग.

वाचकहो, सकाळची एसटी धरावी. आमची गाडी विंचूरपर्यंत कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे गजगतीने चालली. निफाडला खिडकीतून द्राक्षे घेतली.

“ती समोरची पाटी काय गं?” मी साळसूदपणे विचारले.

“तुम्हीच वाचा. तुम्हाला हौस.”

नाशकात सीबीएस बसस्थानकाहून शेअर रिक्षा मिळते. एक प्रवासी जवळजवळ चालकाच्या मांडीवर बसतो. तो आपणच, अशी मानसिक सिद्धता ठेवावी.

यात्रेत निम्मी गर्दी आमच्यासारखीच, कुंकू लावलेली. अस्मादिक नारळ घेऊन तो फोडण्याची शिळा शोधत होते. “काका, इथं मेणबत्ती लावतात,” एका स्वयंसेविकेने करुणेने सांगितले. बाहेर मेणाचे अवयव विकायला होते: हात, पाय, डोळे, काळीज. ज्याचे जे दुखते, ते त्याने वाहावे.

“डोळा एकच द्या. डावा.”

“सुटा डोळा मिळत नाय, साहेब. जोडीच येते,” विक्रेती म्हणाली.

“देवाच्या दारात घासाघीस नको हो!” म्हणत सौभाग्यवतींनी परातीतून स्वहस्ते एक वस्तू उचलली. “हे घ्या, झाले डोळे.”

ते काळीज होते. विक्रेतीने माझ्याकडे पाहिले, मी आकाशाकडे.

माझे जुने सहकारी शमुवेलराव, नाशिक रोडचेच, जन्माने ख्रिस्ती, ठरल्याप्रमाणे भेटले. त्यांनी आम्हाला सावलीत बाकावर बसवले. अस्वस्थता झाकण्यासाठी मी शास्त्रार्थ आरंभला, “पाण्याचा द्राक्षारस केला म्हणता. द्राक्षारसाला आता विंचूरचे वाइनचे कारखाने आहेत. चमत्काराचे प्रयोजन काय?”

“ते राहू द्या, पंडित. मला बायबलातला बेथसैदा गावचा आंधळा आवडतो. येशूनं त्याला हाताला धरून गावाबाहेर नेलं, डोळ्यांना थुंकी लावली, हात ठेवले आणि विचारलं, काही दिसतं का? तो म्हणाला, माणसं दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी.”

“म्हणजे पहिला प्रयोग फसला!”

“फसला म्हणा. पुन्हा हात ठेवले, तेव्हा लख्ख दिसलं. पण बघा, समोर साक्षात प्रभू. आपण भिडेखातर म्हणालो असतो, झकास दिसतंय महाराज! यानं खरं सांगितलं. नसतं सांगितलं, तर दुसऱ्यांदा हात ठेवले असते का?”

सुलभा मेणावरून अंगठा फिरवत होती.

“भावजी, त्याला झाडं तरी दिसली,” ती म्हणाली. “मला नुसती सावली हलते. पुन्हा त्या टेबलावर झोपायचं नव्हतं मला.”

“अगं!” संपूर्ण अमरकोश कंठस्थ असलेले अस्मादिक ओरडले.

“ओरडू नका. दवाखाना उघडा असेल का आत्ता?” मग हातातली वस्तू पुढे करून, “हे काय घेतलंय मी?”

“काळीज.”

“असू दे.” तेच वाहून आम्ही निघालो. शमुवेलराव रिक्षा आणायला धावले होते.

दुसरी शस्त्रक्रिया झाली. आता घरी आहोत. चमत्कार झाला काय, हे मला ठाऊक नाही. डॉक्टरही अजून काही आठवडे जातील म्हणतात. मी रोज सकाळी विचारतो आणि उत्तराला भितो. मात्र ‘छान’ हे उत्तर घरातून हद्दपार आहे. काल तिने मला बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाली, “झाडाला मिशी आहे.”

तूर्त गाऱ्हाणे एवढेच की औषधाचा एक थेंब घालायचा असतो आणि बाटली एकतर काहीच देत नाही, नाहीतर तीन देते. दुकानदार बदलून देईना. म्हणतो, सील फोडलंय. सील न फोडता थेंब कसा पाडावा, हे त्याने सांगितले नाही.