पंचवीसचे चाळीस

चहा निवू देऊ नका, पिता पिता ऐका. एका हिरव्या दिव्यापायी मी माझ्या सासऱ्यांना पालमहून मानवतपर्यंत कसं पळवत आणलं, ते आज सांगूनच टाकतो. हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा मानवतला कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो. कॉलेजात कॉम्प्युटर एकच. त्याला वेगळी खोली, खोलीला जाड पडदे, आणि आत जायचं तर चपला बाहेर. मी औरंगाबादला जाऊन थोडंफार ट्रेनिंग केलेलं, म्हणून त्या देवाचा पुजारी मी.

पण देव म्हातारा झाला होता. ऑफिसातल्या जोशीबाई निकालाचं काम त्याच्यावर करायच्या. बटण दाबून त्या कँटीनला जायच्या, सावकाश चहा पिऊन यायच्या, तरी ह्याचा आपला विचारच चाललेला. मी प्राचार्यांना म्हणालो, "नवीन मशीन नको सर. आतला प्रोसेसर बदलू, मेमरी वाढवू. तेच मशीन पळायला लागेल."

"म्हणजे नेमकं काय होईल?"

आता मराठीच्या प्राध्यापकाला प्रोसेसर कसा समजावणार? मी डब्याच्या तोंडावर बोट ठेवलं. तिथं एका छोट्या खिडकीत हिरव्या उजेडात 'पंचवीस' हा आकडा कायम पेटलेला असायचा. म्हणालो, "हा त्याचा वेग. पंचवीसचे चाळीस होतील."

प्राचार्यांना हे एकदम पटलं. "चाळीस होतील ना पण नक्की? मला अध्यक्षांना दाखवावं लागेल."

"होतील म्हणजे? झालेच समजा."

झालेच समजा. काय गरज होती मला असं बोलायची?

सामान आणलं सुधाकरकडून. सुधाकर म्हणजे माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, सुमनचा, धाकटा भाऊ. परभणीत त्यानं नुकतंच कॉम्प्युटरचं दुकान टाकलं होतं. रविवारी तो स्वतः एसटीनं आला आणि त्यानं डबा उघडला. मी टॉर्च धरून उभा. खोटं कशाला बोलू, माझा जीव नुसता त्या डब्यात अडकला होता. इतके दिवस पूजा केली, पण देवाच्या पोटात काय आहे ते कधी पाहिलंच नव्हतं. आणि होतं काय? धूळ, वायरी, आणि मधोमध एक काळी चौकोनी वडी. तिच्या पोटाला सुयांसारखे बारीक पाय.

"हाच का प्रोसेसर? एवढासा? आणि हे पाय कशाला? ह्यातला एखादा वाकला तर?"

"दाजी, वाकू नाही म्हणूनच हळू काढायलोय. अन् टॉर्च जरा खाली धरा, माज्या डोळ्यात मारायलाव तुमी."

त्यानं जुनी वडी काढून खिशात टाकली, नवी बसवली, मेमरीच्या पट्ट्या खाचेत दाबल्या, मशीन चालू होतंय एवढं बघितलं आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला.

सोमवारी मी प्राचार्यांना मोठ्या ऐटीत बोलावलं. मशीन सुरू केलं. सुरुवातीला ते आपली मेमरी मोजतं, पडद्यावर आकडे पळतात. ते पूर्वीपेक्षा खूप पुढं पळाले. मी म्हणालो, "बघा, मेमरी वाढली." प्राचार्यांचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. ते खाली वाकून हिरव्या खिडकीत बघत होते.

पंचवीस.

मशीन बंद केलं, चालू केलं. पंचवीस. खिडकी रुमालानं पुसली. स्वच्छ, ठळक पंचवीस.

"गरम झाल्यावर चढत असेल," प्राचार्य म्हणाले. माणूस मोठ्या मनाचा. दुपारपर्यंत चारदा येऊन बघून गेले. आकडा काही चढला नाही.

माझ्या डोक्यात मग भलतंच चक्र फिरायला लागलं. खिशात घातली ती वडी कोणती? बसवली ती कोणती? माझ्या डोळ्यांसमोर त्यानं हातचलाखी तर केली नाही?

मधे जोशीबाई आल्या. म्हणाल्या, "सर, आज चहाला जाताच आलं नाही. दारापर्यंत गेले, तेवढ्यात ह्याचं काम झालं."

आता एखाद्या शहाण्या माणसानं इथं काय केलं असतं? मी बाईंना समजावलं. म्हणालो, "बाई, नवी चप्पल घातली की आपण भरभर चालतोय असं वाटतं ना? हे तसंच. तो मनाचा खेळ आहे." बाई मान हलवून कँटीनकडे गेल्या.

घरी आल्यावर मी सुमनला एवढंच म्हणालो, "तुझ्या भावानं जुनाच माल परत बसवलेला दिसतोय." बस. तिनं हातातली पोळी तव्यावरच सोडली.

"माझा भाऊ चोर आहे म्हणता?"

"चोर कुठं म्हणालो? आकडा म्हणतोय."

"आकडा म्हणत असेल तर आकड्यालाच जेवायला वाढायला सांगा."

भावाला थेट विचारणं तिला जड गेलं, म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं पालमकडे निघालेल्या एका नातेवाइकाबरोबर माहेरी निरोप धाडला. निरोप होता, सुधाकरनं दिलेल्या सामानात काहीतरी घोटाळा आहे, त्याला पाठवा. मानवत ते परभणी, परभणी ते गंगाखेड, गंगाखेड ते पालम. तीन गाड्या बदलता बदलता त्या निरोपाचं काय झालं माहीत नाही. सासऱ्यांच्या कानावर गेलं ते असं, की सुधाकरनं मानवतच्या कॉलेजातला कॉम्प्युटर पळवला.

मामांनी शेतातली कामं टाकली, धोतर बदललं आणि पहिली गाडी धरली. परभणीत उतरून सुधाकरला दुकानातून उचललं आणि त्याचं एक अक्षर ऐकून न घेता माझ्या दारात आणून उभं केलं.

"पावणं, ह्यानं मशीन कुठं ठिवलं ते तुमीच इचारा. मला तर सांगंना झालाय."

"मामा, मशीन कॉलेजातच आहे."

"हाय? मग ह्यानं नेलं काय?"

"वेग," मी म्हणालो.

मामा दारातूनच मागं वळले. मग म्हणाले, "चला, बघू दे मला."

तर आमची सगळी वरात कॉलेजात. मामा, सुमन, सुधाकर, मी. वाटेत प्राचार्य भेटले. खोलीबाहेर चपलांचा ढीग. मी खिडकीकडे बोट दाखवलं आणि गंभीरपणे म्हणालो, "हे बघा. पंचवीस."

सुधाकर आधी त्या आकड्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "दाजी, तुमी एवढ्यावरून म्हणालाव?"

त्यानं डब्याचं तोंड उघडलं. खिडकीच्या मागं एक छोटी पट्टी होती, तिच्यावर दाण्याएवढ्या टोप्या. चिमट्यानं त्यानं एकेक टोपी इकडची तिकडं केली. पंचवीसचे सत्तावीस झाले. मग त्र्याऐंशी. मग अठ्ठ्याऐंशी.

"बोला दाजी. किती पायजे?"

प्राचार्य हळूच म्हणाले, "चाळीस म्हणून सांगून बसलोय."

त्यानं चाळीस करून दिले. "ह्या दिव्याचा आन् वेगाचा काईच संबंध न्हाई. टोप्या घालू तो आकडा पेटतो. रविवारी गाडी चुकंल म्हणून ऱ्हायलं ते. मशीन तर त्याच दिवसापासून पळायलंय. कुणी काम करून बघितलंच न्हाई का?"

दारात जोशीबाई उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला.

मी सुधाकरचा हात धरून चूक कबूल केली. सुमन अजून माझ्याकडे बघत नव्हती, पण खांदे हलत होते, म्हणजे हसत होती. इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण स्वभाव. आतल्या त्या टोप्या बघून मला राहवेना.

"सुधाकर, वेग मोजत नाही, काही करत नाही, मग हा दिवा लावतातच कशाला?"

"गिऱ्हाइकासाठी, दाजी. आकडा मोठा दिसला की गिऱ्हाईक खूश होतं. आत काय हाय ते बघत न्हाई."

मला खरंच नवल वाटलं. विचारलं, "काय सांगतोस? अशी भोळी गिऱ्हाइकं खरंच असतात?"

सुधाकर मान खाली घालून स्क्रू आवळत राहिला. उत्तर दिलं मामांनी, पायात चपला सरकवता सरकवता.

"असत्यात की पावणं. एकाला तर मी पोरगी दिलीय."