नोत्सेची भिंत आणि लेबेने आत्या

आम्ही कुठून आलो, हे आमच्या घरात बाईने सांगायचं असतं. पुरुषांनी ऐकायचं आणि माना डोलवायच्या. माझ्या आत्याला, लेबेनेला, ती गोष्ट तिच्या आजीने दिली. आजीला तिच्या आत्याने. पुढे ती मला मिळायची होती, आणि ती फुटकी मिळणार की सबंध, याची चिंता मी वर्षभर केली. आत्याने केली नाही असं ती म्हणायची. खोटं बोलायची.

मी अन्लोगाच्या शाळेत इतिहास शिकवते. आम्हा एवे लोकांचं नोत्से या तटबंदीच्या गावातून निघून समुद्राकाठी येणं आमच्या पुस्तकात अडीच पानांत आटोपलंय. आत्याला त्याला दीड तास लागायचा. एकदा मी पुस्तक तिच्यापुढे धरलं. तिने ते पालथं केलं, मागची किंमत पाहिली आणि म्हणाली, "एवढ्या पैशांत एवढंच येणार."

नोत्सेच्या अगोकोली राजाने चिखलात काटे मिसळून तो आमच्या लोकांकडून पायांनी तुडवून घेतला आणि भिंत बांधून घेतली, इथून तिची सुरुवात. मग त्याने मातीचे दोर वळायला सांगितले, तेव्हा म्हातारे म्हणाले, "वळतो की. नमुन्याला जुना दोर तेवढा द्या." इथे ती थांबून सगळ्यांना हसू द्यायची. मग बायका. भांडी घासून झाली की पाणी रोज भिंतीच्या एकाच जागी फेकायचं, वर्षानुवर्षं, कुणाला संशय येऊ न देता. भिंत भिजून मऊ झाली तेव्हा ढोलांच्या गोंगाटात ती फोडली आणि सगळे बाहेर पडले. शेवटचे लोक उलटे चालत गेले, म्हणजे पावलं आत आल्यासारखी दिसावीत. एवढं आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही येतं. खरी गोष्ट त्यापुढची. कोणत्या मुक्कामी कोण थकलं, कोणाचं मूल कुठे जन्मलं, कोण कुठे राहून गेलं. ते प्रत्येक घराचं वेगळं असतं, आणि आमचं फक्त दोघांना येत होतं. आत्याला आणि तिच्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना. दोघं एकाच आजीच्या कुशीत झोपत, त्यामुळे बाबांच्याही कानावर सगळं पडलेलं.

आणि ही दोघं भावंडं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती.

आत्या तशी भांडखोर नव्हे. चाळीस वाफे कांद्याचे, बारीक लाल कांद्याचे, ती एकटी शिंपायची. सकाळी विहिरीवरून दोन हातांत दोन डबे, अनवाणी, गाणं म्हणत. नवरा लवकर गेला, मूल नाही, पण रड नाही. मक्याच्या पिठाचा गोळा, आमचं अकपले, आणि भेंडीचं कालवण पोटभर मिळालं की तिचा दिवस सार्थकी लागायचा. जेवल्यावर पाय पसरून म्हणायची, "आता अगोकोली जरी आला तरी मी उठणार नाही."

तरुणपणी मात्र ती भलती उपद्व्यापी होती. लग्नानंतर चार महिन्यांत तिला माहेरची आठवण अनावर झाली. सासू जाऊ देईना. आमच्याकडे अंगणं वाळूची, रोज सकाळी झाडून सारखी केलेली, त्यामुळे कोण आलं-गेलं ते वाळूच सांगते. आत्याने काय करावं? सासूचा दुपारी डोळा लागल्यावर अंगणातून उलटी चालत बाहेर पडली. संध्याकाळी परतली तर सासू दारातच.

"कोण आलं होतं गं?"

"मला काय माहीत? मी विहिरीवर होते."

"कुणीतरी आत आलंय. पावलं आहेत. पण टाचा उथळ आणि बोटं खोल रुतलीत. असा कोणता पाहुणा चालतो?"

आत्या पायाने वाळू सारखी करू लागली.

"अगं बाई," सासू म्हणाली, "ज्या भिंतीतून तुझी पणजी बाहेर पडली, तिच्यातूनच माझीही पडली. दुसऱ्या जातीची सासू बघायची होतीस. तिला कदाचित फसवता आलं असतं." मग तिनेच दर पंधरवड्याला माहेरी जायची परवानगी दिली. पुढे जन्मभर दोघींचं चांगलं जमलं.

भावाशी मात्र बिनसलं ते समुद्रामुळे. आमचं मूळ घर केटाला. समुद्र तिथे वर्षाला थोडा थोडा आत येतो, हे आम्हाला नवीन नाही. माझ्या लहानपणी घरासमोर दोन रस्ते होते, मोठी होईपर्यंत एक उरला. ज्या दिवशी पुढची भिंत पाण्यात गेली, त्या दिवशी सामान बाहेर काढता काढता बाबा म्हणाले की आता खाडीपलीकडे अन्याकोला जाऊ, बायकोच्या माणसांत. आत्या आली होती तिच्या सासरहून, अन्लोगाहून, मदतीला. ती म्हणाली, "इथून अन्लोगाला चल. पलीकडे कशाला? आपले लोक इथे अंग मुडपून बसले, आता पुढे नाही म्हणाले. तू त्यांच्यापेक्षा शहाणा?"

"बसायचंच होतं तर ते नोत्सेलाच बसले असते," बाबा म्हणाले.

"ते राजापासून सुटले. तू पाण्याला भिऊन पळतोयस. पळपुटा आहेस तू."

आम्ही सगळी भावंडं डोक्यावर भांडी घेऊन उभी होतो. बाबांनी आमच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "गोष्ट तुझ्याकडे ठेव," ते म्हणाले. "पोरं मी नेतो." होडीत बसले आणि एकदाही वळून पाहिलं नाही.

पुढे माझी बदली अन्लोगाला झाली आणि मी आत्याकडे राहायला आले. मग काय, मी दोन्हीकडची हमाल. पंधरा दिवसांनी खाडी ओलांडायची, जाताना कांद्यांची जुडी, येताना धुरावलेले मासे. "त्याच्यासाठी नाही, तुझ्या आईसाठी देतेय," आत्या बजावायची. "तिला सांग, जास्तीचे होते, टाकून द्यायचे म्हणून दिले," बाबा म्हणायचे. टाकून द्यायचे मासे इतके निवडक मी कुठे पाहिले नाहीत.

नोत्सेहून सुटल्याचा सण दरवर्षी होतो, त्याआधी आमच्याकडे समेटाचा दिवस असतो. मोठ्या भांड्यात पाणी आणि पाला, घराण्यातले वडीलधारे समोर, आणि ज्याच्या पोटात जे असेल ते त्याने बोलून टाकायचं. मग ते पाणी सगळ्यांवर शिंपडतात. त्यानंतरच गोष्ट सांगायची, कारण पोटात राग ठेवून पूर्वजांची नावं घेतलेली चालत नाहीत. अकरा वर्षं न्यावोर आजोबा, आमच्या घराण्यातले सर्वांत वयस्क, आत्याला विचारायचे, "लेबेने, तुझं कुणाशी भांडण?" आणि ती म्हणायची, "माझं नाही. त्याचं आहे." सगळे हसायचे आणि तिला गोष्ट सांगू द्यायचे.

गेल्या खेपेला ती चौथ्या मुक्कामापाशी अडली. खोकली, पाणी प्यायली आणि थेट सातव्यावर गेली. पोरांना कळलं नाही. मला कळलं, आणि न्यावोर आजोबांनाही. रात्री मी विचारलं, "आत्या, पाचवा कोणता?" तर म्हणाली, "थकले मी. तुझ्यासारख्या मास्तरणीला रोज परीक्षाच घ्यायची असते." पण पुढच्या वर्षभरात मी तिला विहिरीच्या काठावर डबे टेकवून, डोळे मिटून, ओठ हलवत बसलेली कितीतरी वेळा पाहिली. चारापर्यंत बोटं मोडायची आणि पाचव्या बोटाशी हात तसाच राहायचा. मला तेव्हा तिला जवळ घ्यावंसं वाटायचं. घेतलं नाही. तिला कळलं असतं की मी पाहिलंय.

या वर्षी न्यावोर आजोबांनी निरोप धाडला. लेबेनेच्या भावाने येऊन भांडण मिटवलं तरच लेबेनेने सांगावं, नाहीतर यंदा गोष्ट नाही.

"त्याला सांग, मी बोलावलेलं नाही," आत्या म्हणाली. "न्यावोरने बोलावलंय."

बाबा अन्याकोला जाळं दुरुस्त करत बसले होते. मी निरोप सांगितला.

"न्यावोरला गरज असेल तर न्यावोर येईल."

"बाबा, आत्या चौथ्यावरून एकदम सातव्यावर गेली."

त्यांचा हात थांबला. "पाचवा सोडला?"

"सहावाही. काय आहेत ते? तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

"मी कसा सांगणार? पुरुषाच्या तोंडून आलेली गोष्ट गोष्ट राहत नाही. माझ्या आजीने कान धरून बजावलंय." त्यांनी जाळं गुंडाळून बाजूला ठेवलं. मग आईला हाक मारून म्हणाले, "माझं चांगलं वस्त्र बाहेर काढ गं."

सकाळच्या होडीने आम्ही आलो. आत्या अंगणात चटईवर बसली होती. तिने मला पाहिलं, त्यांना पाहिलं आणि मला म्हणाली, "उशीर केलास."

न्यावोर आजोबांनी पाण्याच्या भांड्यात हात घातला. "बोल, अग्बेको."

बाबा म्हणाले, "हिने मला माझ्या पोरांदेखत पळपुटा म्हटलं. माझं घर पाण्यात चाललं होतं. मला तेव्हा बहीण हवी होती, हिने इतिहास काढला." आणि त्यांचा आवाज चिरकला. मी त्यांना असं कधी ऐकलं नव्हतं.

"लेबेने?"

आत्याने चटईची एक काडी उपसली. मग म्हणाली, "म्हटलं मी. चुकले. पण तू वळून पाहिलं नाहीस रे. मी होडी दिसेनाशी होईपर्यंत उभी होते."

"वळून पाहिलं असतं तर जाता आलं नसतं, ताई."

न्यावोर आजोबांनी दोघांच्या डोक्यावर पाणी शिंपडलं. पाल्याचं एक पान आत्याच्या कपाळाला चिकटलं. बाबांनी हात पुढे करून ते काढलं आणि ती, अकरा वर्षं रुसलेली बाई, मुकाट बसून राहिली. मग ती डोळे पुसून म्हणाली, "खराब झालास. बायको जेवायला घालत नाही का?"

गोष्ट सुरू झाली. काटे, मातीचा दोर, पाणी, ढोल. बाबा पुरुषांच्या रांगेत मान डोलवत बसले होते. पहिला मुक्काम, दुसरा. तिसऱ्यावर तिच्या आवाजाला धार आली, जुळी मुलं झाली ती तिथेच. चौथा मुक्काम, नदीकाठी, जिथे ढोल वाहून गेला. आणि आत्या थांबली.

ती खोकली नाही. पाण्याकडेही हात नेला नाही. नुसती समोर बघत राहिली, आणि मला दिसलं की तिथे तिला काहीही सापडत नाहीये. न्यावोर आजोबांनी मान खाली घातली. कुणीतरी मुलाला गप्प केलं.

"मग त्यांनी तिथे कांदे लावले," बाबा म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आत्यानेही.

"काय?"

"कांदे. चांगली वाळू होती. चाळीस वाफे."

"कांदे कुठले रे तेव्हा, गाढवा?" आत्या म्हणाली. "कांदे इथे आल्यावर. तिथे काय वाळू होती? चिकणमाती होती, म्हणून तर मडकी केली त्यांनी. नव्या ढोलाला लाकूड मिळेना, तर आपल्या घरातल्या थोरल्या बाईने मडक्यावर कातडं ताणलं. मडक्यांचा मुक्काम. पाचवा." तिने पाचवं बोट मोडलं.

"बरं," बाबा म्हणाले. "मग पुढे सगळे सुखाने झोपले."

"झोपले कसले. ताप आला सगळ्यांना. कडू सालीचा सहावा मुक्काम विसरलास?"

"विसरलो," बाबा म्हणाले.

असे ते पुढे तीनदा विसरले. पुरुषाने गोष्ट सांगायची नसते, पण चुकायला त्याला कुणी बंदी केलेली नाही. तिसऱ्या खेपेला न्यावोर आजोबा तोंडावर हात धरून हसत होते. मी खाली मान घालून भराभर सगळं पाठ करत होते आणि माझे डोळे सारखे भरून येत होते.

शेवटी आमचे लोक समुद्राकाठी पोचले. म्हातारा पुढारी वाळूत अंग मुडपून बसला आणि आता पुढे नाही म्हणाला. गोष्ट इथे संपते. लोक उठायच्या बेतात होते.

"काही जण मात्र बसले नाहीत," आत्या म्हणाली. "पाणी घरात आलं तेव्हा ते खाडी ओलांडून अन्याकोला गेले. पोरांना घेऊन गेले आणि पोरं जगवली. तेही आपलेच."

हे वाक्य आजीच्या गोष्टीत नव्हतं. बाबांना ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मान डोलवत होते.