फ्रिजमागचा झरोका

अमेरिकेत मिसूरीतल्या एका तळ्याकाठी, कॅम्परच्या म्हणजे चाकांवरच्या घरांच्या तळावर, डेल्बर्ट स्टकीला लोक ओळखत ते त्याच्या जाळ्यांमुळे. मार्च लागला की तो पत्राकात्री, बारीक जाळीचं भेंडोळं आणि स्क्रूंचा डबा घेऊन दारोदार हिंडे. हीटरचं धुराडं, फ्रिजमागचा झरोका, जिथे भोक तिथे घरटं. आणि घरट्याच्या गवताला गॅसची ज्योत लागली की कॅम्पर खाक. जाळी तो फुकट लावून देई, पण प्रवचन ऐकावं लागे. प्रवचनाचा शेवट ठरलेला असे: "लावण्याआधी टकटक करा. आत कोणी असेल तर उत्तर देईल."

तळावर एकच झरोका उघडा होता. डेल्बर्टचा स्वतःचा.

त्याच्या बायकोची, आर्डिथची, फुप्फुसं थकली होती आणि तिचा पलंग फ्रिजच्या भिंतीला लागून होता. एप्रिलमध्ये एक तपकिरी चिमणी त्या झरोक्यात काड्या नेऊ लागली. डेल्बर्टने लावायला जाळी काढली, तर आर्डिथ म्हणाली, "राहू दे. दिवसभर सोबत होते."

"मी आहे ना सोबतीला."

"तू बोलतोस. ती ऐकते."

मग गॅसच्या ज्योतीवर चालणारा तो फ्रिज त्यांनी बंद ठेवला आणि दूध बर्फाच्या पेटीत गेलं. डेल्बर्टने झरोक्यात टॉर्च मारून हातआरशात चार अंडी मोजली. आर्डिथने हिशेब सांगितला: फुटायला दोन आठवडे, उडायला आणखी दोन. तेवढं तिला ऐकायचं होतं.

शेजारचा मर्ल प्रुइट चिडवायचा, "काय मास्तर, सगळ्यांना जाळ्या आणि तुझाच झरोका उघडा?"

बायकोसाठी घरटं पाळलंय हे सांगायची डेल्बर्टला लाज वाटली. तो म्हणाला, "जाळी संपलीय रे."

अंडी मोजल्यापासून अकराव्या दिवशी आर्डिथचा श्वास अडकला आणि अँब्युलन्सने तिला शहरात नेलं. रोज सकाळी ती विचारी, "फुटली का?" डेल्बर्ट तिच्या उशापासून हलला नव्हता, त्यामुळे त्यालाही ठाऊक नव्हतं. दहा दिवसांनी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. ते कशासाठी सांगतात हे दोघांनाही कळत होतं.

अंथरूण नीट करायला डेल्बर्ट एक दिवस आधी आला. फ्रिजच्या झरोक्यावर नवी कोरी जाळी होती. कडा दुमडलेल्या, सहा स्क्रू.

"मंगळवारी लावली," मर्ल म्हणाला. "म्हटलं, तुझ्यामागे एवढं सगळं, जाळी कुठून आणणार तू? अगदी तू शिकवलंस तसं केलं हं. तीनदा टकटक, पाच मिनिटं कान लावून. चिटपाखरू नाही. बरं झालं वेळेवर लावली, दुसऱ्या दिवशी एक चिमणी सारखी येऊन जाळीवर आपटत होती."

आई बाहेर गेलेली असली की पिल्लं टकटक ऐकून गप्प बसतात, हे डेल्बर्टला त्या क्षणी कळलं. चोवीस वर्षं तो उलटं सांगत आला होता.

"छान लावलीस," तो म्हणाला.

मर्ल गेल्यावर त्याने सहाही स्क्रू काढले. चारही पिल्लं कॉफीच्या डब्यात ठेवून देवदाराखाली पुरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आर्डिथ पलंगावर टेकली आणि भिंतीकडे बघत राहिली.

"फुटली?"

"फुटली. चारही."

"मग आवाज कसा नाही?"

"उडाली."

तिने मनात दिवस मोजले. तेही त्याला कळलं. ती म्हणाली, "हुशार निघाली म्हणायची. जा, आता जाळी लावून टाक."

तो बाहेर गेला. मर्लचीच जाळी त्याने जुन्या भोकांवर धरली, स्क्रू ओठांत धरले आणि सवयीने पत्र्यावर तीनदा टकटक केली.

आतून, भिंतीपलीकडच्या पलंगाकडून, सावकाश तीन टकटक आल्या.

नियम त्याचाच होता. त्याने जाळी खाली गवतात ठेवली आणि तो आत गेला.